टोपीची सावली, कपाळाचा उजेड

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक विणकर आजोबा राहायचे. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची. त्यांचा हातमाग केव्हाच थांबला होता, पण मागाच्या खड्ड्याशेजारी खिडकीपाशी ते रोज दुपारी ठरल्या जागी बसायचे. डोक्याला पांढरी टोपी, अंगात कोपरी, पिकलेली जाड मिशी. मी तेव्हा रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला जात होतो. सरांनी सांगितलं होतं, फोटो बघून काढायचं आता बंद कर, तासभर एका जागी बसणारा माणूस शोध. मी तात्यांना विचारलं. "बसून तर ऱ्हायचं हाय न्हवं? त्येच तर करायलोय रोज," म्हणाले.

दोन रविवार मी चारकोलने, म्हणजे कोळशाच्या काडीने, त्यांचा चेहरा काढला. नाकाचं माप घेतलं, कानाची पाळी बघितली, मिशीचा केस न् केस काढला. झाल्यावर चहा घेऊन आलेल्या त्यांच्या सुनेला दाखवला. त्या काकी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नाक त्यांचंच हाय. मिशी पण त्यांचीच. पण मामंजी न्हाईत की ह्यात."

व्यक्तिचित्रण, म्हणजे ज्याला आपण सरसकट पोर्ट्रेट म्हणतो, त्यातली सगळी अडचण काकींच्या त्या बोलण्यात आहे. सगळे अवयव बरोबर आणि माणूस गायब, असं कसं होतं? आणि ज्यांना जमतं ते नेमकं काय करतात? मी आता शाळेत चित्रकला शिकवतो आणि दरवर्षी कोणीतरी पोरगं हाच प्रश्न घेऊन येतं. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं.

आधी आपल्या डोळ्यांचं बघू. 1980 मध्ये पीटर थॉम्प्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग मांडला. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा फोटो घेतला, त्यातले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले आणि मग सगळा फोटोच उलटा धरला. उलट्या फोटोत बघणाऱ्याला फारसं वावगं काही वाटत नाही. तोच फोटो सरळ केला की चेहरा एकदम भेसूर दिसतो, अंगावर काटा येतो. याचा अर्थ असा की सरळ चेहरा आपण तुकड्यातुकड्यांनी वाचतच नाही. डोळा आणि भुवई यांतलं अंतर, नाकाखालची जागा, जबड्याचा उतार ही सगळी नाती आपण एका नजरेत घेतो. म्हणूनच कपिलेश्वराच्या जत्रेतल्या गर्दीत पन्नास पावलांवरून चाललेला आपला मामा आपण ओळखतो. तेवढ्या अंतरावरून त्याच्या नाकाचा शेंडा आपल्याला दिसलेलाही नसतो.

नवशिका नेमका उलटीकडून जातो. तो नाक काढतो, मग डोळा काढतो, मग ओठ, आणि शेवटी सगळं जोडून माणूस होईल अशी आशा धरतो. प्रत्येक तुकडा सुटा बरोबर असला तरी दोन तुकड्यांमधलं अंतर सुताएवढं चुकतं, आणि बघणाऱ्याला ते तात्काळ कळतं. कुठे चुकलंय ते त्याला सांगता येत नाही. पण चुकलंय हे पोरालाही कळतं. माणसाच्या चेहऱ्याइतकं बारकाईने आपण दुसरं काहीच बघत नाही. आंब्याच्या झाडाची फांदी वीतभर इकडेतिकडे गेली तर कोणी विचारत नाही. ओठाचा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा वर गेला तर माणूस बदलतो.

आपल्याकडे हे फार आधीच लिहून ठेवलेलं आहे. कामसूत्रावर यशोधराची जयमंगला टीका आहे, तेराव्या शतकातली. तिच्यात चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यात प्रमाण आणि सादृश्य ही दोन वेगळी अंगं आहेत हे बघा. मापं बरोबर आली म्हणून सारखेपणा आला असं नाही. काकींनी तेच सांगितलं होतं.

मग सर आले. त्यांनी माझं चित्र बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि खिशातलं फडकं काढून माझं दोन रविवारचं काम पुसून टाकलं. पुसलेल्या कागदावर राखाडी धूर राहिला. मला म्हणाले, "डोळे बारीक कर. पापण्या मिटत आण. आता सांग, तात्यांच्या टोपीची उजवी बाजू जास्त उजळ की डावं कपाळ?"

मी म्हणालो, टोपी. पांढरी आहे ती.

"पांढरी आहे हे तुला माहीत आहे. दिसतंय काय ते सांग."

खिडकी तात्यांच्या डावीकडे होती. टोपीची उजवी बाजू पूर्ण सावलीत होती. डोळे किलकिले करून बघितलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं की सावलीतली ती पांढरी टोपी उजेडातल्या सावळ्या कपाळापेक्षा गडद आहे. मी मात्र कागदावर टोपी कोरी सोडली होती आणि कपाळ काळं केलं होतं. म्हणजे मी जे माहीत होतं ते काढत होतो, समोर होतं ते नाही. तिथेच चेहरा सपाट झाला होता.

याला चित्रकार टोन म्हणतात. रंग कुठला, हा प्रश्न टोनमध्ये नसतो. किती उजळ आणि किती गडद, एवढाच प्रश्न असतो. डोळे बारीक केले की बारीकसारीक तपशील विरघळतो आणि उजेड-सावलीचे दोनचार मोठे तुकडे राहतात. चांगल्या व्यक्तिचित्राची पहिली पंधरावीस मिनिटं या तुकड्यांवरच जातात. तेव्हा समोर डोळे नसतात, नाक नसतं. एका बाजूला उजेडाचा एक आकार, दुसऱ्या बाजूला सावलीचा एक आकार, आणि दोघांमधली हद्द. ती हद्द कपाळावरून खाली येते, डोळ्याच्या खोबणीत शिरते, गालफडावर बाहेर पडते, मिशीखाली हरवते, हनुवटीवर परत दिसते. हीच वाट त्या माणसाची असते. दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर उजेड त्याच खिडकीतून आला तरी याच वाटेने उतरणार नाही, कारण खालचं हाड वेगळं असतं. सरांनी चारकोलच्या काडीची आडवी बाजू धरून तेवढीच सावली टाकली. डोळे नव्हते, मिशी नव्हती, आणि तरी तात्या बसले होते. दारातून काकी म्हणाल्या, "ह्ये बघा, हे मामंजी!"

हे शिकवायला वर्गात आम्हाला आधी अंडं देत. पांढऱ्या पंचावर ठेवलेलं पांढरं अंडं, बाजूला खिडकी. पोरं कंटाळतात, पण अंड्यात सगळा चेहरा आहे. एका बाजूला उजेड. मग उजेड हळूहळू वळतो तो मधला टोन. मग सावलीचा सगळ्यात गडद पट्टा. आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला, सावली परत किंचित उजळते, कारण खालच्या पंचावरचा उजेड उडून अंड्याच्या पोटाला लागतो. शेवटी पंचावर पडलेली अंड्याची सावली. गालाला, नाकाला, हनुवटीला हाच नियम लागतो. तात्यांच्या हनुवटीखाली तो परतलेला उजेड त्यांच्या कोपरीवरून येत होता. तिथे समोर लाल इरकल नेसलेल्या आज्जी असत्या तर त्यांच्या जबड्याखाली मंद लाल झाक आली असती. आपण एरवी हे बघत नाही, पण चित्रात नसलं की चेहरा कापून चिकटवल्यासारखा वाटतो.

प्रमाणांचं मी थोडक्यात सांगतो, कारण ती पुस्तकात मिळतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. सगळे नवशिके ते वर काढतात, कारण कपाळ आणि केस यांत त्यांना बघण्यासारखं काही वाटत नाही. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा. कान भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत. टोपी, पटका किंवा डोईवरचा पदर असला की कवटी झाकली जाते आणि ही चूक दुप्पट होते, म्हणून टोपीच्या आत डोकं आहे असं धरूनच टोपी काढायची. बास. ही मापं सरासरी माणसाची आहेत आणि सरासरी माणूस कधी कुणाच्या समोर येऊन बसत नाही. चित्रकार मापं शिकतो ती समोरचा माणूस त्या मापांपासून कुठे आणि किती सरकलाय हे कळावं म्हणून.

चूक शोधायला जुने लोक हातआरसा वापरत आले आहेत. इझलकडे, म्हणजे चित्र टेकवायच्या घोडीकडे, पाठ करून आरशात चित्र बघायचं. डावं-उजवं बदललं की सवयीने आंधळी झालेली नजर जागी होते आणि वाकडं झालेलं तोंड लगेच दिसतं. दुसरा उपाय, चित्र उलटं करून बघणं. थॉम्प्सनच्या प्रयोगातलं तेच इथे कामाला येतं: उलटा चेहरा मेंदू सरळ चेहऱ्यासारखा एका नजरेत वाचत नाही, त्यामुळे फक्त आकार दिसतात आणि ते तपासता येतात.

आता उजेड कुठून घ्यायचा. पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेलं असतं की स्टुडिओची खिडकी उत्तरेला हवी, कारण उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन कधी येत नाही. दिवसभर उजेड सारखा राहतो, सावल्या सरकत नाहीत. हे लंडनला बहुतांशी खरं आहे. बेळगाव मात्र विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सोळा अंशांवर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतही ऊन उतरतं, आणि पुस्तक प्रमाण मानणारा पोरगा गोंधळतो. जूनमध्ये आपला पाऊस सुरू झाला की हा प्रश्न आपोआप मिटतो. ढगांनी भरलेलं आभाळ म्हणजे एक मोठी पांढरी चादर असते. पावसाळ्यातल्या बेळगावात दाराच्या आत दोन हातांवर माणूस बसवा आणि बघा. कातडीवरचा प्रत्येक वळसा मऊ उजेडात स्पष्ट दिसतो. माझ्या मते चेहरा काढायला आपल्या भागात जुलैच्या दुपारसारखी वेळ नाही.

अडचण एवढीच, की जुलैमध्ये तैलरंग लवकर वाळत नाही. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जलरंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते, आणि जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. गार, दमट हवेत हे फार सावकाश होतं. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात सुरू केलेलं चित्र आठवडा झाला तरी बोटाला चिकटतं. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ लावायचा आणि वरच्या थरात तेल वाढवत न्यायचं, असा नियम यातूनच आला. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर वाळताना हलतो, आणि काही वर्षांनी चेहऱ्यावर भेगा पडतात. पण या सावकाशपणाचाच फायदा आहे. गालावरचा मधला टोन आज लावला तर उद्याही ओलाच असतो, त्यात दुसरा रंग मिसळून कड विरघळवता येते. कातडीचा मऊपणा तेलात येतो तो त्यामुळे.

रंगाबद्दल एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगावीशी वाटते. कातडीचा रंग नावाची ट्यूब मिळते, फिकट गुलाबी. ती आपल्या एकाही माणसाच्या कामाची नाही. तात्यांचं कपाळ यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मधलं होतं. नाक, गाल, कान यांच्यात रक्त जास्त फिरतं, तिथे तांबूस. दाढी केलेल्या हनुवटीवर करडी-हिरवट झाक. आणि कपाळावर जिथे उजेड चमकत होता, तिथे पांढरा नव्हता, निळसर होता, कारण ती चमक म्हणजे खिडकीतल्या आभाळाचं प्रतिबिंब. गोऱ्या कातडीवर ही चमक बाकीच्या उजेडात मिसळून जाते. सावळ्या कातडीवर ती ठसठशीत वेगळी दिसते, आणि तिथेच सावळ्या चेहऱ्याचं सगळं वैभव आहे. सावळा माणूस काढायचा म्हणजे तपकिरी रंगात काळा मिसळायचा, असं समजून काढलेली चित्रं मातीसारखी मरगळलेली दिसतात. आमच्या सरांनी वर्षभर फक्त चार रंग वापरायला लावले: पांढरा, यलो ऑकर, एक लाल, एक काळा. स्वीडनच्या अँडर्स झॉर्न (1860–1920) या चित्रकाराच्या नावाने ही रंगसंगती ओळखली जाते. त्यात निळा नसतो. पण काळ्यात पांढरा घातला आणि शेजारी ऑकर ठेवला की तो करडा निळा दिसतो. रंगही शेजाऱ्यावरून ठरतो, टोपीच्या टोनसारखाच.

आता हे सगळं बेळगावात कुठून आलं ते बघू.

कॅनव्हासवर तेलात हुबेहूब माणूस काढायची रीत आपल्याकडे युरोपातून आली. पुण्यात 1790 च्या दशकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून काढलं. पुढे 1857 मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्रावणकोरच्या राजा रविवर्म्यांनी (1848–1906) हे तंत्र आत्मसात केलं, आणि 1894 मध्ये मुंबईला छापखाना काढून त्यांनी देवदेवता घराघरांत पोचवल्या. आपल्या जुन्या घरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीला हाडामांसाची वळणं आली ती तिथून. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि भोवतीने संस्थानांची रांग होती: कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, सावंतवाडी. आमचं शहापूरसुद्धा सांगली संस्थानात होतं. संस्थानिकांना व्यक्तिचित्रं हवी असत आणि त्यांच्याकडे भिंती होत्या. कोल्हापूरने आबालाल रहमान, धुरंधर, बाबुराव पेंटर असे चित्रकार दिले, सावंतवाडीने सावळाराम हळदणकर दिले. हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक लोक ते रविवर्म्यांचं समजतात. ते जलरंगात आहे आणि मॉडेल म्हणून त्यांची मुलगी उभी होती. जमलं तर जाऊन बघा. जलरंगात उजेड रंगवता येत नाही, कागद राखून ठेवावा लागतो. तिच्या चेहऱ्यावरचा दिव्याचा प्रकाश अशा राखलेल्या उजेडातून उभा राहिलाय.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आमच्याकडची पोरं आज चित्रकलेच्या लोअर-हायर परीक्षांना बसतात, तिकडे महाराष्ट्रातल्या चंदगडची एलिमेंटरी-इंटरमीजिएटला. धारवाडला हालभावी मास्तरांनी, गदगला टी. पी. अक्कींनी कलाशाळा उभ्या केल्या, त्यांचंही ऋण या भागावर आहे. पण बेळगावात व्यक्तिचित्रण म्हटलं की मराठी काय आणि कन्नड काय, चित्र काढणारा माणूस एकच नाव घेतो: के. बी. कुलकर्णी. आमच्याकडे नुसतं के. बी. म्हणतात.

के. बी. मोठे चित्रकार होते आणि बेळगावातच राहिले. या एका वाक्यात त्यांचं आयुष्य बरंचसं येतं. हात मुंबईत चालला असता असा होता. ते शाळेत चित्रकला शिकवत राहिले आणि त्यांच्या चित्रमंदिरात पोरांच्या पिढ्या घडल्या. त्यांची माणसं इथली होती: बाजारात बसलेली बाई, पटका बांधलेला शेतकरी, गुरांबरोबरचा पोरगा. चेहरा आणि शरीर यांत त्यांनी फरक केला नाही. माणूस बसतो कसा, काठीवर भार कसा टाकतो, यातही त्याचा सारखेपणा असतो, हे त्यांच्या चित्रांत बघून कळतं. त्यांच्या हाताखालून गेलेले रवी परांजपे (1935–2022) पुढे बोधचित्रकार म्हणून आणि इमारतींच्या रेखाटनांसाठी देशभर नावाजले गेले, पुण्यात स्थायिक झाले. व्यक्तिचित्रकार जॉन फर्नांडिस जे. जे.मध्ये शिकवू लागले. एका शाळामास्तराकडून मुंबईच्या जे. जे.पर्यंत ही साखळी गेली. बेळगावात आजही कुणाच्या रेषेत ठामपणा दिसला की जुने लोक विचारतात, शिकलास कुणाकडे? आणि उत्तर दोन पायऱ्यांत के. बीं.पर्यंत पोचतं. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात त्यांच्या नावाचं कलादालन आहे. लोकांच्या पुढ्यात जिवंत मॉडेल बसवून दोन-अडीच तासांत पोर्ट्रेट करून दाखवण्याचे डेमो आपल्या भागात होतात. असा एखादा डेमो असला तर पोरांना नक्की घेऊन जा. शेवटचा अर्धा तास बघू नका, पहिला बघा. सगळे निर्णय तिथेच होतात.

पोट कशावर भरतं, हेही सांगायला हवं. संस्थानं गेली, मग सोसायट्या, बँका, शाळा आल्या. संस्थापकांचं तैलचित्र, निवृत्त होणाऱ्या अध्यक्षांचं तैलचित्र. आणि सगळ्यात जास्त मागणी असते ती वारलेल्या माणसाची. आईचा मतदान ओळखपत्रावरचा फोटो घेऊन लोक येतात आणि म्हणतात, एवढाच आहे. मीही अशी कामं केली आहेत. एका संस्थेने मला त्यांच्या संस्थापकांच्या गालावरचा व्रण काढून टाकायला लावला आणि वर चेहरा उजळ करून मागितला. मी केला. त्या गृहस्थांचा नातू उद्घाटनाला आला होता, त्याने चित्रासमोर उभं राहून शेजारच्याला विचारलं, हे कोण? तेव्हापासून कुणी उजळ करा म्हणालं की मी काम परत देतो.

फोटोवरून काढण्यात मुळातच काय कमी पडतं ते सांगतो. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान होतात, कारण नाक लेन्सच्या जवळ आणि कान त्या मानाने फार लांब असतात. फोटोत सावल्या काळ्या होतात, त्यांच्यातला परतलेला उजेड मरतो. आणि फोटो एका क्षणाचा असतो. समोर बसलेला माणूस तीन तासांत शंभर वेळा बदलतो. आधी अवघडतो, मग विसरतो, मग त्याला काहीतरी आठवतं, मग मान किंचित कलते आणि तो खरा बसतो. चित्रकार ती खरी बैठक हेरून ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. म्हणून खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करायच्या, अर्ध्या तासाने मॉडेलला उठू द्यायचं, आणि परत बसल्यावर लगेच रंग लावायचा नाही. पाच मिनिटं नुसतं बोलायचं. चांगला व्यक्तिचित्रकार बोलका असतो, किंवा त्याने शेजारी एखादं बोलकं माणूस बसवलेलं असतं.

हे मी तात्यांच्या तैलचित्रात शिकलो. चारकोलनंतर सरांच्या सांगण्यावरून मी त्यांना रंगात करायला घेतलं. पाच रविवार लागले. टोपीची सावली जमली, कपाळ जमलं. काकींनी बघितलं. "आता मामंजी हाईत," म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने, "पण कंटाळलेत." खरं होतं. ओठ मी दरवेळी शेवटी करायचो, तोवर तात्या दमलेले असत. ओठ ही रेषा नाही, दोन कोपऱ्यांतली सावली आहे, आणि माणूस थकला की ते कोपरे आधी खाली येतात. माझा ब्रश इमानाने तो थकवा उतरवत होता.

सहाव्या रविवारी मी नाइफने तोंडाचा भाग खरवडला आणि गेल्या गेल्या विचारलं, तात्या, पहिलं लुगडं विणलं तेव्हा काय वय होतं तुमचं? तात्या सांगायला लागले. धोटा डावीकडून कसा फेकायचा हे हाताने दाखवायला लागले, आणि दाखवताना मिशीखाली डावा कोपरा जरासा वर गेला. सुतापेक्षाही कमी. मी बर्न्ट सिएनात थोडा काळा घेऊन तेवढा एक ठिपका ठेवला, आणि त्या दिवशी आणखी काही केलं नाही.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागाचा खड्डा बुजवून काकींनी तिथे शिलाई मशीन टाकलंय. चित्र त्याच खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे. गेल्या गणपतीत गेलो तेव्हा मी विचारलं, ह्याला हार नाही घातला? "हाराचा फोटो आत देवाजवळ हाय," काकी दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "हितं बसलेत न्हवं ते." मग मशीनवरचा कपड्याचा ढीग जरा बाजूला सरकवला, कारण खिडकीतला उजेड त्या ढिगाने अडत होता.